आषाढातला वारा आणि मार्चमधली लिफ्ट

"स्वल्प थांब गं पोरी, जरा थांब. हा आषाढाचा वारा. मार्चमध्ये वारा असतो का बघ आणि मग जनरेटर बंद कर," असं चौथ्या मजल्यावर एकटे राहणारे खंडोजी अण्णा म्हणाले होते. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं मोटारी दुरुस्त केलेला माणूस. आसावरीही कानडीत "सरी, अण्णा", म्हणजे 'बरं', म्हणून हसली होती. जनरेटरच्या धुराने आपला लहानगा ध्रुव खोकतो, एवढंच तिला दिसत होतं. गच्चीवरून उडून गेलेल्या चादरींचा व्हिडिओ तिने सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवला आणि एचएसआर लेआउट वसाहतीतल्या त्या इमारतीवर पवनचक्की आली, जनरेटर बंद झाला.

मार्चमध्ये एका दुपारी वीज गेली. आठवडाभर वारा नव्हता, त्यामुळे बॅटरीने पाच मिनिटांत मान टाकली. लिफ्ट, तिची घंटा, पंखे, सगळं गप्प.

"आसावरी, क्लायंटसमोर कॉल कट झाला माझा! कुठाय तुझा वारा?" समोरची संध्या दारात येऊन ओरडली.

"येईल गं, येतोच आहे," आसावरी म्हणाली. कामवाल्या बाईंबद्दल सांगावं तसं.

तेवढ्यात वरून आवाज आला. ठक. ठक. ठक.

"ऐकलंस? फिरायला लागली!" तिने ग्रुपवर टाकलं, 'पवनचक्की सुरू. पाच मिनिटं धीर धरा.' चौदा अंगठे आले. ठकठक वाढली. "बघ, वारा वाढतोय!" ती जिन्यात उभी राहून ओरडली.

पंधरा मिनिटं झाली तरी दिवे नाहीत. ध्रुवला कडेवर घेऊन ती गच्चीवर गेली. पवनचक्कीच्या पात्यावर एक कबुतर निवांत झोपलं होतं.

आता अण्णांचे पाय धरून जनरेटर सुरू करून घ्यायचा. चौथ्या मजल्यावर आली, तर अण्णांच्या दाराला कुलूप. ध्रुव कडेवरून उतरला आणि उगाचच लिफ्टचं दार बडवू लागला.

आतून उत्तर आलं. ठक. ठक. ठक.

"अण्णा? तुम्ही? कधीपासून?"

"तुझी पवनचक्की सुरू झाली ना, तेव्हापासून," आतून थकलेला आवाज आला. "मी काठी आपटतोय, आणि तू म्हणतेस वारा वाढतोय."

वॉचमनने किल्लीने दार उघडलं. घामाने निथळणारे अण्णा घोटभर पाणी प्यायले, ध्रुवच्या डोक्यावर हात ठेवून जिन्याने खाली गेले आणि त्यांनी जनरेटर सुरू केला.

तिने ग्रुपवर लिहिलं, 'ती पवनचक्की नव्हती. अण्णा होते.' यावर एकही अंगठा आला नाही.

म्हणून आसावरीची तुम्हाला एवढीच विनंती आहे. वीज गेली की आधी लिफ्टचं दार ठोठावा, शेजारचे एकटे अण्णा घरात आहेत का बघा. आणि आतून ठकठक आली, तर ग्रुपवर काहीही टाकू नका. दार उघडा.