अळूच्या कुंडीतली प्रजाती

"बेंबी उघडी आहे की झाकलेली, एवढंच बघून सांगा," असं दामलेकाका मला भर लिफ्टमध्ये म्हणाले तेव्हा आमची जेमतेम दोन दिवसांची ओळख होती. लिफ्टमध्ये आणखी एक मराठी जोडपं होतं. त्यांनी तत्काळ छताकडे पाहायला सुरुवात केली. काकांनी तळहात पुढे केला. त्यावर गोगलगायीचा एक रिकामा शंख होता, मसुराच्या दाण्याएवढा. शंखाच्या पोटाशी, वळसे जिथे गोळा होतात तिथे, बारीक खळगा असतो. ती त्याची बेंबी. ती पाहिल्याशिवाय काका कुठल्याही शंखाला ओळख देत नाहीत.

काका इथे सिंगापुरात, बेडोकला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या. निवृत्त झाल्यावर चुका काढायला शरयूकाकू तेवढ्या उरल्या, आणि त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात काकांना खाली बागेत पिटाळलं. तिथे ते गोगलगायींच्या नादी लागले ते लागलेच. पाऊस उघडला की गळ्यात भिंग, खिशात मापाचं व्हर्निअर आणि नजर जमिनीवर. माणसं ते हल्ली चपलांवरून ओळखतात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाली खाण्याच्या टपऱ्या आहेत तिथे, चहाची रांग सोडून झाडांच्या कुंड्यांमागे शंख मोजायला वाकतात.

"अय्यो अंकल, स्नेल ऑल्सो मस्ट मेजर आह?" चहावाली आंटी ओरडते.

"मस्ट, मस्ट!" काका तिथूनच सांगतात. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "अंदाजपंचे बोलणारे ऑफिसात पुष्कळ पाहिले."

घरी श्रीखंडाच्या डब्यांत शंख, आणि प्रत्येकासोबत चिठ्ठी: कुठे सापडला, वळसे किती, तोंड कुठल्या बाजूला. एकदा मिसळणाच्या डब्यात मोहरीबरोबर भलतंच काही निघालं. तेव्हापासून काकू मोहरीसुद्धा निवडून घेतात.

गेल्या वर्षी माझ्या कॉरिडॉरमधल्या अळूच्या कुंडीत काकांना बारा गोगलगायी मिळाल्या. शंख चपटे, कडेला धारदार कंगोरा, तोंडाची कड कागदासारखी पातळ. कुठल्याच वर्णनाशी जुळेनात. तीन दिवस काका कुणाशी धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या दारात येऊन कुजबुजले, "नवी प्रजाती दिसतेय. कुंडी हलवू नका. अळूची पानंही तोडू नका."

आमच्या घरी अळूवड्या बंद झाल्या.

नव्या प्रजातीचं वर्णन जो छापतो, त्यालाच तिचं नाव ठेवायचा मान मिळतो. ही बातमी गणपतीच्या आरतीला फुटली आणि आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी काकांना दोन मोदक जास्त वाढले. आपलं नाव गोगलगायीला लागावं असं माणसाला का वाटतं, देव जाणे. पण कुंडी माझी होती, म्हणून मीही आडून आडून सुचवून पाहिलं. काका नुसते हसले.

"नाव ठरलंय," ते म्हणाले. "छापून आलं की वाचा."

वर्णन लिहून तयार होतं. पण पाठवण्याआधी एकदा तपासलं नाही तर ते काका कसले? त्यांनी कुंडीतल्या दोन गोगलगायी बरणीत पाळल्या. रोज काकडीची सालं, रोज मापं. असे चार महिने गेले.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी ती बरणी आणून माझ्या टेबलावर ठेवली. "मोठ्या झाल्या," ते म्हणाले.

शंखाचा कंगोरा बुजला होता. तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळली होती. असल्या गोगलगायी आमच्या ब्लॉकखाली गटाराकाठी ढिगानं सापडतात.

"पिल्लं होती हो ती. मी पिल्लांना वेगळी प्रजाती समजलो."

मला हसू येणार होतं, पण काकांचा चेहरा पाहिला आणि फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "नाव कुणाचं ठेवणार होता?"

"कुमुदचं."

"कोण कुमुद?"

त्यांनी भिंतीपलीकडे, स्वतःच्या घराकडे बोट केलं. "हिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं मीच 'शरयू' लिहिलं. आईनं सुचवलं, मी लिहिलं. हिला कुणी विचारलंही नाही. मागे हिचा भाऊ गेला तेव्हा म्हणाली, आता मला कुमुद म्हणणारं कुणी उरलं नाही." काका बरणीचं झाकण उगाच घट्ट करत राहिले. "शास्त्रात रीतसर ठेवलेलं नाव कुणाला मनात आलं म्हणून बदलता येत नाही. तसं एक हिला द्यायचं होतं."

"अहो काका, मग हाक मारा की! त्याला गोगलगाय कशाला हवी?"

"आता? चाळीस वर्षांनी? ती काय म्हणेल?"

ते उठले. मी दारापर्यंत सोडायला गेले. आपल्या उंबऱ्याशी त्यांनी चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. मग घसा खाकरला आणि आत न पाहताच म्हणाले, "कुमुद..."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. काका बरणी छातीशी धरून उभे होते.

मग आतून काकूंनी ओ दिली. सासरी कुणाला देत नाहीत, लहानपणी आईला देतात, तशी. मी माझं दार हळूच लावून घेतलं, कारण मला रडू आवरत नव्हतं.