तोफेवरचे टोमॅटो

मे महिन्यातल्या त्या सोमवारी सकाळी नऊला पाच कमी असताना विल्फ्रेड पार्गेटर स्टुडिओच्या फाटकातून आत आले, तेव्हा त्यांच्या हातात टोमॅटोच्या बारा रोपांचं लाकडी खोकं होतं आणि मालिकेच्या दुसऱ्या पर्वात त्यांना काम नव्हतं. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसत होती, दुसरी सगळ्यांना माहीत होती. फक्त पार्गेटरांना ती कुणी सांगितली नव्हती.

मालिकेचं नाव 'परतीची कक्षा'. अवकाशात वाट चुकलेलं एक यान, त्यात पन्नास माणसं, आणि घरचा रस्ता कुणालाच ठाऊक नाही, एवढीच गोष्ट. पण आम्हा इंग्रज लोकांना पहिला प्रश्न पडतो तो हा, की ही पन्नास माणसं जेवतात काय? म्हणून यानात एक काचघर होतं आणि काचघरात टोबी नावाचा म्हातारा माळी. ते काम पार्गेटरांचं. दर भागाच्या शेवटी दमलेला कप्तान काचघरात यायचा, टोबी त्याला एक टोमॅटो द्यायचा आणि दोघं दोन मिनिटं बोलायचे. प्लास्टिकचे टोमॅटो नाताळच्या झाडावरच्या गोळ्यांसारखे चकाकायचे, म्हणून पार्गेटर घरून खरी रोपं आणायचे. रोपं करायची त्यांची बायको, एनिड. स्टुडिओच्या दिव्यांखाली रोपं अशी फोफावायची की दर शुक्रवारी आम्ही सगळे कागदी पिशव्या भरभरून टोमॅटो घरी न्यायचो.

दुसऱ्या पर्वासाठी अमेरिकेहून नवे निर्माते आले, मिस्टर क्रेन. "शनिवारी संध्याकाळी लोक टोमॅटो बघायला बसत नाहीत," ते पहिल्याच बैठकीत म्हणाले. झालं! खाकी डगले जाऊन चंदेरी आले. व्हायोलिन जाऊन ढोल आणि गिटार आली. कप्तानाच्या टकलावर दोन पर्वांच्या मध्ये दाट केस उगवले. गेल्या पर्वात त्याला बायको होती, या पर्वात ती नव्हती, आणि तो विधुर झाला होता असंही नाही. ती कुठे गेली हे यानातल्या एकाही माणसानं विचारायचं नव्हतं. काचघराच्या जागी तोफखाना बसला आणि टोबी संहितेतून पुसला गेला.

असं काही कळवायचं म्हणजे एक पत्र जातं. ते पत्र फेब्रुवारीत तयारही झालं होतं. पण ज्या दिवशी ते टपालात पडायचं, त्याच दिवशी एनिड गेल्याची बातमी आली. अशा वेळी असलं पत्र पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून कचेरीनं ते दोन आठवडे ठेवून दिलं. दोन आठवड्यांनी वाटलं, अजून महिनाभर जाऊ दे. मार्च गेला, एप्रिल गेला, आणि मग इतक्या उशिरा पाठवणं बरं दिसेना. पत्र खणातच राहिलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण आमच्याकडे ती घरची यजमानीण आहे.

पार्गेटरांच्या घरीही वेगळं काही चाललं नव्हतं. क्लिफर्ड दूधवाला त्यांच्या पायरीवर रोज दोन बाटल्या ठेवायचा. आता एकच पुरे, हे त्याला कळत होतं. पण पार्गेटरांनी तसं सांगितलं नाही, कारण सांगायचं तर कारणही सांगावं लागलं असतं. क्लिफर्डनं विचारलं नाही, कारण विचारायचं तर नाव घ्यावं लागलं असतं. तो हवेबद्दल बोलायचा. दुसरी बाटली रोज शेजारच्या मांजराला जायची, आणि मे महिना येईतो त्या मांजराला कुंपणावर चढणं जमेनासं झालं होतं.

चित्रीकरण सुरू होण्याची तारीख पार्गेटरांनी वर्तमानपत्रात वाचली. बोलावणं आलं नव्हतं, पण टपालाचं काही खरं नसतं असं ते धरून चालले. एनिडनं आदल्या वर्षी पुडीत राखून ठेवलेलं बी त्यांनी मार्चमध्येच खिडकीत पेरलं होतं.

"काका! आलात?" फ्लोअर मॅनेजर रोलंड पीक दारातच भेटला आणि जागच्या जागी पांढरा पडला. पार्गेटरांना सांगायचं काम रीतसर त्याचंच होतं.

"आलो बाबा. रोपं यंदा जरा लांबट झालीत. एनिड असती तर वेळेवर..."

"चहा घेणार का?" रोलंडनं घाईघाईनं विचारलं.

चहा झाला. रोलंडनं घसा खाकरला, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही असं करा, कपडेपटात जाऊन या." जरा वेळ मिळाला तर हिंमत गोळा होईल, एवढाच त्याचा हेतू होता. पण कपडेपटातल्या मिस टूलींना वाटलं, रोलंडनं पाठवलं म्हणजे वरून काहीतरी ठरलं असणार. त्यांनी फेकायच्या ढिगातून टोबीचा खाकी डगला उपसला.

"तुमचा चंदेरी अजून शिवून आला नाही हो," त्या खोटं बोलल्या.

"हाच बरा. कोपराला हे ठिगळ आहे ना, ते एनिडनं लावलेलं."

"चहा टाकू?" मिस टूलींनी विचारलं.

साडेदहापर्यंत पार्गेटरांचे पाच चहा झाले होते आणि ते टोबीच्या वेषात, खोकं घेऊन सेटवर फिरत होते. सेटच्या फळ्यांमागे तातडीची सभा भरली.

"तू त्यांना डगला का दिलास?" रोलंड कुजबुजला.

"तू पाठवलंस म्हणून!"

"मी फक्त पाठवलं. बेरिल, तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात ते."

बेरिल टिडमार्श दृश्यांतलं सातत्य सांभाळायची. कपात चहा किती होता, नटाची कितवी गुंडी उघडी होती, हे सगळं टिपून ठेवायचं तिचं काम. विसरणं तिच्या नोकरीत बसत नव्हतं. एनिड तिला दर नाताळला शहाजिऱ्याचा केक पाठवायची.

"मी?" बेरिल म्हणाली. "मी तर त्यांना अजून सांत्वनाचं कार्डसुद्धा पाठवलं नाही. कार्ड आणलंय. आत काय लिहायचं तेच सुचलं नाही. आणि आता..."

"आता उशीर झाला," तिघंही एकदम म्हणाले.

क्रेनसाहेब मात्र असल्या भिडेतले नव्हते. त्यांनी एका वाक्यात काम उरकलं असतं. अकरा वाजता ते सेटवर आले, खाकी डगल्यातला, हातात रोपं घेतलेला म्हातारा पाहिला आणि त्याला स्टुडिओचा माळी समजले.

"माळीबुवा, माझ्या कचेरीतली कुंडी पार वाळलीय. बघा जरा तिच्याकडे."

"बघतो साहेब," पार्गेटर नम्रपणे म्हणाले.

ते ऐकून रोलंडला वाटलं, साहेबांनी यांना ठेवून घेतलं. तो जाऊन दिग्दर्शकाला तसं सांगून आला. दिग्दर्शक वरच्या काचेच्या खोलीत बसायचा आणि रोलंडच्या कानातल्या यंत्रातून बोलायचा. त्याला वाटलं, साहेबांची इच्छा दिसते. अशा रीतीनं ज्या माणसाला कामावरून काढलं होतं, त्याला कुणीही परत न घेता तो कामावर आला.

तोफेचं दृश्य लागलं. पार्गेटर जुन्या सवयीनं सगळ्यात प्रखर दिवा शोधत गेले. तो तोफेवर होता. त्यांनी खोकं तोफेवर ठेवलं, रोपांना थोडं पाणी घातलं आणि ते शौचालयाकडे गेले. नऊ चहा झाले होते.

"रोलंड," कानात आवाज आला, "तोफेवर टोमॅटो का आहेत?"

"बघतो, साहेब."

"बघू नकोस. काढ."

रोलंड खोक्यापर्यंत गेला. त्यानं एका रोपाच्या पानाला बोट लावलं आणि तो परत आला. "साहेब, ती रोपं त्यांच्या बायकोची आहेत," तो म्हणाला.

मग आवाज आला, "कॅमेरा डावीकडे घ्या." डावीकडून तोफेचं तोंड दिसत नव्हतं. उजवीकडून कप्तानाचे नवे केस नीट बसत नव्हते. जेवणाची सुट्टी होईतो तोफ एकदाही उडाली नव्हती आणि शत्रूची सेना चंदेरी कपड्यांत घामाघूम होऊन सँडविच खात होती.

शेवटी बेरिल उठली. पार्गेटर सेटवरच्या एका लाकडी खडकावर बसले होते. ती शेजारी बसली, वही मांडीवर ठेवली आणि तिनं तोंड उघडलं.

"चहा नको," पार्गेटर म्हणाले. "तुझ्या पाया पडतो, बेरिल. आता पोटात जागा नाही."

"विल्फ्रेड, तुम्हाला एक सांगायचंय."

"मला काम नाही, हेच ना?"

बेरिलच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"नऊ वाजताच कळलं गं. फाटकावरच्या रखवालदारानं यादी पाहिली, उलटी करून ठेवली आणि मला 'हवा छान आहे' म्हणाला. मी तिथूनच फिरणार होतो. पण रोलंड समोर आला. पोराचा चेहरा असा काही झाला की म्हटलं, मला ठाऊक आहे असं सांगितलं तर त्याला किती ओशाळल्यासारखं होईल! म्हणून चहा घेतला. मग मिस टूलींनी डगला दिला, तोही घातला. तुम्ही सगळे इतकी धडपड करत होता, मन मोडवेना."

बेरिलला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. तिनं दोन्ही आवरलं.

"टोबीचं काय झालं?" पार्गेटरांनी विचारलं. "संहितेत काय लिहिलंय?"

तिनं पानं चाळली, खरं तर तिला ती पाठ होती. "काहीच नाही."

"मेला?"

"नाही."

"मागे राहिला कुठल्या ग्रहावर?"

"नाही हो. त्याचं नावच नाही कुठे."

पार्गेटरांनी तोफेवरच्या टोमॅटोकडे पाहिलं. "काम गेल्याचं वाईट वाटत नाही असं नाही," ते म्हणाले. "पण बेरिल, मारून टाका ना त्याला! माणूस मेला तर मेला म्हणावं. पन्नास माणसांना सव्वीस भाग टोमॅटो खायला घातले त्यानं. त्यातल्या एकानं तरी विचारू नये, म्हातारा कुठे गेला? घरी पण हेच चाललंय. दूधवाला हवेचं बोलतो. पाद्रीबाईही हवेचंच बोलतात. चाळीस वर्षं एक बाई त्या रस्त्यावर राहिली, आणि फेब्रुवारीपासून तिचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही मी. कधी कधी वाटतं, मलाच भास झाला होता की काय बायको असल्याचा."

बेरिल वही घेऊन उठली. ती सरळ टंकलेखन यंत्रापाशी गेली.

आमच्याकडे संहितेत ऐनवेळी बदल झाला की नवं पान गुलाबी कागदावर येतं. गुलाबी पान कुणी लिहिलं हे कुणी विचारत नाही. दिग्दर्शकाला वाटतं लेखकानं, लेखकाला वाटतं निर्मात्यानं. बेरिलनं आयुष्यात पहिल्यांदा एक गुलाबी पान स्वतः टाइप केलं आणि कप्तानाच्या खुर्चीवर ठेवून दिलं. कप्तानाचं काम करणारा ज्युलियन फार विचार करणारा नट नव्हता. खुर्चीवर जे सापडेल ते तो पाठ करायचा.

दोन वाजता दृश्य पुन्हा लागलं. ज्युलियन तोफेपाशी आला, खोकं पाहून थांबला आणि त्याच्या त्या खर्जातल्या आवाजात म्हणाला, "टोबी गेला. गेल्या हिवाळ्यात. ही रोपं एनिडनं राखलेल्या बियांची. यांना पाणी घालत जा. आणि कुणी विचारलं, तर तिचं नाव सांगा."

मग त्यानं खोकं उचलून बाजूला ठेवलं आणि तोफ उडवली.

पार्गेटर दिव्यांच्या मागे उभे होते. टोबी गेल्याचं एक वाक्य येणार, एवढं बेरिलनं त्यांना सांगितलं होतं. एनिडचं नाव येणार हे तिनं सांगितलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली आणि तोंडापुढे धरली. रोलंड उघड उघड रडत होता, कानातला आवाज "एनिड कोण? एनिड कोण?" विचारत होता, आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं.

"एनिड कोण?" क्रेनसाहेबांनीही विचारलं.

"यांची बायको," बेरिलनं पार्गेटरांकडे बोट दाखवलं. "फेब्रुवारीत गेली."

साहेब तडक पार्गेटरांपाशी गेले. "तुमची बायको गेली? फार वाईट झालं हो," ते म्हणाले आणि त्यांनी त्यांचा हात दाबला. तीन महिन्यांत आम्हा सगळ्यांना मिळून जे जमलं नव्हतं, ते त्यांनी दोन वाक्यांत केलं, तेही पार्गेटर कोण हे ठाऊक नसताना. "वाक्य राहू दे. चांगलं आहे," ते जाता जाता म्हणाले. "आणि माळीबुवा, त्या कुंडीचं विसरू नका."

पार्गेटरांनी कुंडीला पाणी घातलं, डगला घडी करून मिस टूलींना परत दिला आणि ते बसनं घरी गेले. रोपं त्यांनी बेरिलला दिली.

तो भाग सप्टेंबरात, एका शनिवारी संध्याकाळी दाखवला. पार्गेटरांनी तो एकट्यानंच पाहिला. फोन वाजला नाही, दारावर कुणी आलं नाही. अशा वेळी त्रास देणं बरं दिसत नाही, हे त्यांना समजत होतं. टीव्ही बंद करून ते झोपायला गेले.

रविवारी सकाळी त्यांनी दार उघडलं. पायरीवर दुधाची एकच बाटली होती.

क्लिफर्ड गेला नव्हता. टोपी हातात घेऊन तो फाटकाशी उभा होता. खालच्या पायरीवर शेजारचं मांजर बसलं होतं आणि त्या एका बाटलीकडे अविश्वासानं बघत होतं.

"काल पाहिलं मी," क्लिफर्ड म्हणाला. "टोबीचं ऐकून वाईट वाटलं." तो थांबला. त्यानं आकाशाकडे पाहिलं, आणि पार्गेटरांना वाटलं, आता हवेचं काढणार. "एनिडबाईंचं पण," तो म्हणाला. "फार चांगल्या होत्या हो."

पार्गेटरांनी वाकून बाटली उचलली.

"चहा घेणार का?" त्यांनी विचारलं.