मानाजीरावांचा पत्ता

मराठी मंडळाच्या स्नेहमेळाव्याचं निमंत्रण सरस्वतीपुरमच्या घरी आलं, तेव्हा मानाजीराव केळी आणायला गेले होते. मंडळाच्या माणसाला घर ओळखीचं होतं म्हणून पाकीट पोचलं, कारण त्यावर एवढंच छापलेलं होतं : 'श्री. मानाजीराव, कैलासवासी.'

भवानीबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. नवरा आत्ताच पिशवी घेऊन गेलाय हे त्यांना ठाऊक होतं. कुंपणापलीकडून ऐकणाऱ्या शेजारणीला, चंदनाला, ते ठाऊक नव्हतं. मानाजीराव परतले, तर व्हरांड्यात चार बायका डोळे पुसत बसलेल्या. त्यांना पाहून एकीनं किंकाळीच फोडली.

केळी तिथंच टाकून मानाजीरावांनी बस पकडली आणि थेट हूटगळ्ळीला जयचं दार ठोठावलं. जय चार वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला इंजिनिअर. मंडळाच्या यादीतून पत्ते वेगळे काढायचं काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं होतं.

"एनप्पा, काय रे हे?" मानाजीरावांनी पाकीट त्याच्या नाकासमोर नाचवलं. "मी मेलो कधी? मला कळवायचं तरी!"

जयनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला. यादीत प्रत्येकाचा पत्ता नावापुढं कंसात होता. तो उचलायला त्यानं रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधणारी, एक ओळ लिहिली होती. मानाजीरावांनी स्वतः भरून पाठवलेली नोंद मात्र अशी होती : 'मानाजीराव (रणोजीराव (कैलासवासी) यांचे चिरंजीव, सरस्वतीपुरम, तिसरा क्रॉस, निवृत्त'.

"काका, तुमच्या कंसात आणखी कंस आहे. माझ्या ओळीनं आतलाच उचलला. तिला कंस मोजता येत नाहीत हो."

"मोजता येत नाही? आणि इंजिनिअर म्हणे! वडील आमचे कैलासवासी, ते माझ्या माथी मारलंस होय? इल्ली नोडू, इकडं बघ. कंस उघडला की एक वाढव, बंद झाला की एक कमी कर. शून्य आलं की थांब. त्यात काय आहे एवढं!"

उपाय खरोखरच तोच होता. जयनं तसा प्रोग्रॅम लिहून चालवला. दोनशे अकरा पत्ते नीट निघाले. एक अडकला.

"काका," जय चाचरत म्हणाला, "तुमचं शून्य येतच नाहीये. बाहेरचा कंस तुम्ही बंदच केला नाहीत."

"कसा करणार?" मानाजीराव कडाडले. "तुमच्या फॉर्मातली जागा संपली! माझं सांगून कुठं संपलंय?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि जयला खेटून बसले.

"हं, लिही पुढं. निवृत्त ड्रिल मास्तर. आता एक कंस उघड."