बिवलकरकाका आणि पासवर्डची स्वप्नं

स्वप्नात तुमचा पासवर्ड चुकला, तर त्याचा अर्थ तुम्ही कुणाला विचारता? कुणालाच नाही ना? आम्ही विचारायचो. आखातात, अल कुसैसमध्ये आमच्याच मजल्यावर बिवलकरकाका राहायचे, आणि ते पासवर्डच्या स्वप्नांचा अर्थ सांगायचे. साप, पूर, पडलेले दात असल्या स्वप्नांना त्यांच्याकडे प्रवेश नव्हता. "ते भटजींचं डिपार्टमेंट," म्हणायचे. "माझ्याकडे फक्त लॉग-इनचा प्रॉब्लेम आणायचा."

काका बाबांच्याच बांधकाम कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचे. उंच, किडकिडीत, आणि गळ्यातलं ऑफिसचं कार्ड सुट्टीच्या दिवशीही बनियनवर लटकलेलं. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा, जुना पुन्हा चालणार नाही, त्यात एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि बायकोचं नाव नको, हे सगळे कायदे त्यांचेच. त्या कायद्यांनी अख्ख्या कंपनीची झोप बिघडली होती. जन्मभर सिमेंटच्या गोणी मोजलेली माणसं स्वप्नात कीबोर्डवर ॲट द रेट शोधत फिरायची. मग शुक्रवारी सकाळी ती काकांकडे नाश्त्याला जमायची. काकू मुलीच्या शिक्षणासाठी नाशिकला असायच्या, त्यामुळे पोहे काका स्वतःच करायचे, टोपभर.

"आजार मी दिला, औषधही मीच देणार. हं, बोला. कॅप्स लॉक चालू होतं का स्वप्नात?"

"होतं."

"म्हणजे घरी कुणावर तरी आवाज चढवलाय. सॉरी म्हणा. खलास! नेक्स्ट?"

अक्षरांऐवजी नुसते तारे दिसले, तर मनात आहे ते तोंडावर येत नाहीये. पासवर्ड फार छोटा पडला, तर सासूबाई येणार. पासवर्ड उजवीकडून डावीकडे उमटला, तर अरबी शिकून घ्या, प्रमोशन आहे. आणि प्रत्येक निकालानंतर त्यांचं ठरलेलं वाक्य: "जागेपणी माणूस नुसता ऑनलाइन असतो, हबीबी. लॉग-इन तो झोपेतच होतो."

मग २००८ सरता सरता सगळं कोसळलं. आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या क्रेन होत्या तिथेच थांबल्या. मुहैस्नाहच्या कॅम्पांकडून कामगारांना आणणाऱ्या बसेस रिकाम्या होत गेल्या. आणि ऑफिसवाल्यांना तर कुणी काही सांगतच नव्हतं. रविवारी आठवडा सुरू व्हायचा, माणूस खुर्चीत बसायचा, पासवर्ड टाकायचा आणि तो चालायचा नाही. झालं. ज्याने उमेदीची वर्षं दिली, त्याला 'जा' म्हणायलाही कंपनीकडे एक तोंड नव्हतं. नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की महिन्याभरात देश सोडायचा.

मी तेव्हा कॉलेजात होते. सोलापूरचे आजोबा टपालाने त्यांच्या कामगार संघटनेची पत्रकं पाठवायचे, त्यांच्यावरच मी मराठी वाचायला शिकले होते. त्यामुळे माणसं अशी फेकली जात असताना पोहे खात स्वप्नांची चर्चा करणारे लोक बघून माझं डोकं फिरायचं. एका शुक्रवारी मी उठून उभीच राहिले.

"काका, धिस इज सुपरस्टिशन! पीपल आर लूझिंग देअर जॉब्ज!"

"मुक्ता, लिंबू घे," काका म्हणाले. "रागावलेल्या माणसाच्या पोह्यांना लिंबू जास्त लागतं."

सगळे हसले. एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात येत होती. काकांचे अर्थ बदलले होते. पूर्वी सासूबाई यायच्या, आता कामाच्या सूचना यायच्या. ड्राफ्ट्समन गोखल्यांना पासवर्ड लाल अक्षरांत दिसला. काका लगेच म्हणाले, "लाल म्हणजे अग्नी. अग्नी कागद खातो. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये डिग्रीचं सर्टिफिकेट आहे ना? आज जाऊन घरी आणा." गोखले हसत हसत गेले आणि घेऊन आले. रविवारी त्यांचा पासवर्ड चालला नाही. बिल्डिंगभर बोलबाला झाला. बायका काकांना वाकून नमस्कार करू लागल्या, आणि काका कानकोंडे होऊन टोप घासायला पळायचे.

मग बाबांना स्वप्न पडलं. कुठलीही कळ दाबली तरी एकच अक्षर उमटत होतं.

काकांनी डाव खाली ठेवला. "एकच अक्षर म्हणजे एका पायावर उभं राहणं. सानेसाहेब, ते मोठ्या फ्लॅटचं कॉन्ट्रॅक्ट करू नका."

बाबा मनापासून हसले. आम्हाला तिसरी बेडरूम मिळणार होती. शनिवारी दुपारी सही होती, आणि वर्षभराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक सहीबरोबरच द्यायचे होते. तिथे सगळे तसेच द्यायचे. फक्त चेक वटला नाही, तर तिथे पोलीस यायचे आणि माणूस तुरुंगात जायचा.

"बिवलकर, माझा प्रोजेक्ट अजून चालू आहे. आणि भाडी काय पडलीत! आत्ता नाही घ्यायचं तर कधी?"

"स्वप्न स्पष्ट आहे, साहेब."

"स्वप्नाला सांगा, ॲडव्हान्स देऊन झालाय."

शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात काका. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. गळ्यात कार्ड नाही. त्यांना कार्डाशिवाय मी प्रथमच पाहत होते.

"सानेसाहेब, आज मी तुमच्या वतीने स्वप्न पाहिलं."

"माझ्या वतीने?" बाबा चहाचा कप घेऊन तसेच उभे राहिले. "ही नवी सर्व्हिस आहे का?"

"फार वाईट होतं. तुम्ही चेकवर पासवर्ड लिहीत होता. वहिनी, तुम्ही तरी यांना सांगा. एक आठवडा थांबा. एकच. मग मी स्वतः तुमचं सामान उचलायला येतो."

बाबांना हसू आवरेना. आईला आलं नाही. ती काकांच्या पायांकडे बघत होती. मग ती आत गेली, बाबांच्या बॅगेतून चेकबुक काढलं आणि तांदळाच्या डब्यात खुपसून डब्यावर मिक्सर ठेवला. दुपारभर घरात शोधाशोध आणि आरडाओरडा चालला. सही राहिली.

रविवारी बाबा अकरालाच घरी आले. हातात खोका होता. त्यात आमच्या फोटोची फ्रेम आणि हेल्मेट. "चालला नाही," एवढंच म्हणाले. आईने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग तांदळाचा डबा उघडून चेकबुक त्यांच्यासमोर ठेवलं. बाबांनी त्या कोऱ्या चेकबुकची पानं एकेक करून उलटली.

संध्याकाळी काका ऑफिसातून आले तेव्हा मी त्यांच्या दारातच उभी होते. ज्याच्या हातात कॉम्प्युटर त्याच्याच हातात पासवर्ड, एवढं कळायला मला उशीरच झाला होता.

"बाबांचं अकाउंट कुणी बंद केलं?"

"मी." त्यांनी कुलूप उघडलं. "सगळ्यांचीच मी करतो. गुरुवारी एचआरमधून मला नावं सांगतात."

"गुरुवारी! म्हणजे शुक्रवारी पोहे वाढताना तुम्हाला माहीत असायचं? मग सरळ का नाही सांगितलंत?"

"माझी सही घेतलीय. एक शब्द बोललो तर मी बाहेर." ते बूट काढत होते. "आणि मी बाहेर गेलो, तर पुढच्या शुक्रवारी कोण सांगणार? कामाबद्दल बोलायचं नाही असं लिहून घेतलंय त्यांनी. स्वप्नांबद्दल काही लिहिलेलं नाही."

डोक्यात एकेक माणूस येत होता. सर्टिफिकेट घेऊन आलेले गोखले. 'पासवर्डमध्ये चार चाकं दिसली, अपशकुन' म्हणून ज्यांचं गाडीचं बुकिंग काकांनी मोडायला लावलं, ते सुपरवायझर. पासवर्ड आठवत नाही म्हणजे आई आठवण काढतेय, असं सांगून ज्यांच्या बायका-मुलांची तिकिटं आधीच काढायला लावली, ती माणसं. ज्या कंपनीत तोंड उघडायला बंदी होती, तिथे या माणसाने एक अख्खं शास्त्र उभं केलं होतं, आणि आपल्याला सगळे वेडा म्हणतात हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. आजोबांच्या कुठल्याच पत्रकात मी असा माणूस वाचला नव्हता.

"काका, तुम्हाला काय स्वप्न पडतं?"

ते दचकलेच. मग सिंकपाशी गेले, नळ सोडून आधीच घासलेला टोप पुन्हा घासू लागले.

"मी स्क्रीनसमोर बसलेलो असतो," ते पाठमोरेच म्हणाले. "दार बंद. बाहेर टाइप केल्याचा आवाज येतो. खूप जणांचा. गोखल्यांचा तर ओळखू येतो, ते एकाच बोटाने टाइप करतात. मी आतून उघडायला जातो, तर मला माझाच पासवर्ड आठवत नाही."

"मग?"

"मग जाग येते. दूध घेऊन येतो."

"याचा अर्थ काय?"

त्यांनी नळ बंद केला. "काय माहीत. हे आजवर कुणाला सांगायची वेळच आली नाही, मुली. विचारतं कोण?"

आम्ही महिन्याभरात पुण्याला परतलो. काका तिथेच राहिले, कंपनीला टाळं लागेपर्यंत, शुक्रवारमागून शुक्रवार पोहे करत.

तुमच्याही ऑफिसात असा कुणीतरी असेल. दुसऱ्यांची दारं बंद करणं हेच ज्याचं काम आहे, आणि ज्याच्यावर आपण सगळे चिडतो. उद्या त्याला चहाला घेऊन जा. काल रात्री तुम्हाला काय स्वप्न पडलं, असं त्याला विचारा. अर्थ सांगता आला नाही तरी चालेल. फक्त त्याचं सांगून होईपर्यंत उठू नका.