राणीमाशीचा गृहप्रवेश

मधमाश्यांच्या बाबतीत आमच्या गावात माझ्याइतका जाणकार माणूस नाही! ब्रह्मपुरीला रीतसर प्रशिक्षण घेतलंय मी. म्हणजे चहाला आणि जेवणाला मी हजर होतो, मधलं सगळं माझी बायको दीपाली ऐकत होती. पण फोटोत पुढे मीच आहे!

पेटी मात्र तिची. परसात जांभळाखाली ठेवलेली, दोन ओंजळी भरतील एवढ्याच माश्यांची. तिच्यातली राणी मेली. राणी नाही म्हणजे अंडी नाहीत, अंडी नाहीत म्हणजे नव्या माश्या नाहीत. जुन्या एकेक करून मरतात आणि पेटी रिकामी होते. दीपाली रोज झाकण उचलून बघायची आणि तोंड पाडून घरात यायची.

"रडू नोको! मी नवी राणी आणतो ना!" मी छाती फुगवून म्हणालो.

आणि आणली! काडेपेटीएवढ्या जाळीच्या पिंजऱ्यात, भरल्या जीपमध्ये मांडीवर धरून. शेजारच्यानं विचारलं, "काय हाये गा त्याच्यात?" मी म्हटलं, "राणी." तो सरकून बसला. आमच्याकडच्या जीपमध्ये सरकून बसायला किती जागा असते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पिंजऱ्याचं तोंड साखरेच्या गोळ्यानं बंद असतं. पिंजरा तसाच पेटीत टांगायचा. आतल्या माश्या ती साखर खात खात राणीपर्यंत पोचतात, तोवर तिचा वास त्यांच्या ओळखीचा होतो. घाई केली, तर परकी समजून तिचा जीव घेतात. हे मला पाठ होतं! गवताला जाताना दीपालीनं दोनदा बजावलंही होतं.

पण 'नवी राणी आली' हे माझ्या आईनं, गुणाबाईनं, ऐकलं.

"आली म्हंजे? घरात नवीन बाई येते, अन तुमी तिले तशीच आत घेता? माप ओलांडल्याबिगर?"

इथेच 'नाही' म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे या गृहप्रवेशाचा मोबाईलवर काढायचा व्हिडिओ नाचू लागला. "बरोबर हाये आई!" मी म्हणालो.

बघता बघता परसात बाया जमल्या. ललिताबाईनं आरतीचं ताट आणलं, धुरपताबाईनं अगरबत्तीचा अख्खा पुडा. आईनं पिंजऱ्याला हळदकुंकू लावलं आणि लाडानं वर दोन थेंब अत्तर सोडलं. पेटीच्या दाराशी धानाची वाटी मांडली.

"आता ओलांडू दे तिले."

"आई, ती पिंजऱ्यात हाये."

"मंग सोड ना! सून का डब्यात बसून घरात येते?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. जाणकाराची अब्रू होती ती! मी काडीनं साखरेचा गोळा उकरून काढला. राणी ऐटीत बाहेर आली, धान तुडवत दारातून आत गेली. टाळ्या पडल्या! मी झाकण उचललं, तर सगळ्या माश्या तिच्यावर तुटून पडलेल्या, बोराएवढा गोळा झालेला.

"पा व, कशा गळ्यात पडून राह्यल्या!" आईचे डोळे भरून आले. "आपल्या घरी कोणी कोणाचं इतकं करत नाई."

तेवढ्यात दीपाली आली. तिनं आत बघितलं आणि डोक्यावरचा भारा खाली टाकला. "गळ्यात काय पडतात! मारून राह्यल्या तिले!"

तिनं उघड्या हातानं तो गोळा उचलला आणि पाण्याच्या भांड्यात टाकला. माश्या सुटल्या, राणी वर आली. जिवंत! मी मदत म्हणून, धूर द्यायला, अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवून पेटीवर ओवाळला. माश्यांना ते अजिबात आवडलं नाही. एक नाकाला चावली, एक कानाला, आणि तिसरी कुठे ते सांगण्यासारखं नाही. बाया ताटं टाकून पळाल्या.

दीपालीनं पिंजरा धुतला, राणीला आत घातलं, साखरेचा नवा गोळा लावून पेटीत टांगला. मग आईकडे वळली.

"वास बसाले वेळ द्या लागते, आत्याबाई. मले तर तुमी पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसवलं होतं."

आईनं परसातली एक काठी उचलली. त्या दिवसापासून ती काठी घेऊन पेटीजवळ बसू लागली. येईल त्याला हाकलायची, मला जास्तच.

आठवड्याच्या आत साखर संपली. दीपालीनं झाकण उचललं. राणी पोळ्यावर फिरत होती, माश्या तिला खाऊ घालत होत्या, आणि घराघरात बारीक पांढरी अंडी! दीपाली हसता हसता रडली. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

आईनं चष्मा लावून बघितलं. "आठवडा नाई झाला येऊन, अन लेकरं बी?" मग तिची नजर हळूच पेटीवरून दीपालीवर आली. "इथी तीन वर्स झाले..."

असं झालं की दीपाली गुपचूप आत जाते. आज गेली नाही. तिनं झाकण सावकाश लावलं.

"आत्याबाई, ती इथी याच्या आधी दहा-पंधरा नरांसंगं लगीन करून आली. मले एकच भेटला. अन तो कसा हाये, ते तुमी पाह्यलंच."

आईनं माझ्याकडे बघितलं. नाकापासून चपलेपर्यंत, बराच वेळ.

"मंग दवाखान्यात आधी याले ने!"

उद्या सकाळच्या बसनं निघतोय आम्ही. आई स्टँडवर सोडायला येणार आहे. काठी घेऊन! मी मधूनच परत येऊ नये म्हणून.