भाताच्या वासाचा चहा

आमच्या कॉलनीत चहात दूध न घालणारा एकच माणूस आहे, आणि त्याची उभी हयात दुधात गेली. अण्णा खोत. एका डेअरीत तीस वर्षं ते दूध उतरवून घ्यायच्या धक्क्यावर उभे होते. गावोगावचे कॅन यायचे, अण्णा एकेकाचं झाकण उचलायचे, नाकाशी न्यायचे आणि 'घे' नाहीतर 'काढ बाजूला' म्हणायचे. मशीन नंतर. आधी अण्णांचं नाक.

आता कोल्हापुरात बिनदुधाचा चहा पिणाऱ्याकडे लोक कसे बघतात तुम्हाला माहीत आहे. "शुगर निघाली काय ओ?" असं दोघातिघांनी अण्णांना विचारलंही. अण्णा ढिम्म. "दूध घातलं की वास मेला," एवढंच म्हणायचे. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "आधी नाकाला विचारा, मग तोंडाला द्या."

अण्णांच्या नाकाच्या गोष्टी उचगावापर्यंत माहीत आहेत. एकदा म्हणे एका कॅनचं झाकण हुंगून त्यांनी शेतकऱ्याला विचारलं, "म्हशीला काल कांद्याची पात घातलीस व्हय रं?" त्यानं तिथंच पाय धरले. एका लग्नात भर पंगतीत त्यांनी "बासुंदी लागलीया" असं जाहीर केलं. वाढपी थबकले, मुलीचा बाप धावत आला, आचाऱ्यानं चमचा आपटला. बासुंदी खरोखर तळाला लागली होती. मुलीचा बाप सहा महिने अण्णांशी बोलला नाही. "वास बरोबर हुता, वेळ चुकली," असं अण्णा अजून सांगतात.

आणि शेजारी कोण, तर मी. माझं नाक देवानं चष्मा ठेवायला दिलंय. आमच्या स्वयंपाकघरात एकदा गॅस गळत होता, तर मी दुपारभर 'फणस पिकलाय कुणाचा तरी' म्हणत हिंडत होतो. बायकोनं खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं आणि मला अंगणात नेऊन बसवलं. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. म्हणजे वास येत नसला तरी वासावर दोन पानं सहज लिहीन.

तर अशा माणसाला अण्णांनी एक दिवस कुंपणावरून हाक मारली. "ओ मास्तर, या की. चहा हाय."

अण्णांचा भाचा फौंड्रीवाला. मशिनरी बघायला चीनला गेला होता. बाकीच्यांना त्यानं मोबाईलची कव्हरं आणली आणि मामाला एक डबा. डब्यात कागदात गुंडाळलेले काळे गोळे, पेढ्याएवढे. मी एक हातात घेऊन बघितला आणि शेणखताची आठवण झाली, पण शिकलेला माणूस असल्यामुळे "वा" म्हणालो.

"ह्यो चहा आंबवत्यात मास्तर," अण्णा सांगायला लागले. "पाल्याचा ढीग घालायचा, पाणी मारायचं, झाकून ठेवायचा. आतनं तापतोय त्यो. मग दाबून त्याचं गोळं करायचं. आणि ह्यात आणि एक पाला घालत्यात, त्याला शिजत्या भाताचा वास. चिकट तांदळाचा. आपला घनसाळ वाफंला लागला की घरभर सुटतोय बघा, तसला."

"भाताचा वास पाहिजे असेल तर भातच खावा की अण्णा," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा विनोद गिळला.

करायची पद्धत डेअरीतलीच. झाकणाची चिनी मातीची वाटी, हातात घड्याळ. पाणी पार खदखदतं पाहिजे. पहिलं पाणी ओतायचं आणि लगेच मोगऱ्याच्या कुंडीत टाकून द्यायचं, कारण "धुतल्याबिगर तांदूळ तरी शिजवतो काय आपण?" मग दुसरं पाणी, दहा आकडे मोजायचे, आणि गाळून कपात. रंग काळपट तांबडा, काढ्यासारखा. पण कप राहिला बाजूला, अण्णांनी वाटीचं झाकण उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. धक्क्यावर कॅनचं झाकण हुंगायचे तसेच. मग झाकण माझ्यापुढे धरलं.

"काय वास येतोय?"

"छान आहे."

"छान ह्यो वास न्हवं मास्तर. नाकाला विचारा."

मी नाकाला विचारलं. नाक काही बोलेना. वर्गात फळ्यापुढे उभं केल्यावर पोरांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मी पुटपुटलो, "जरा... मातीसारखा." अण्णा निराश झाले असं मला वाटलं, आणि घरी येऊन मी मोबाईलवर त्या चहाबद्दल जे सापडेल ते सगळं वाचून काढलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तयारीनं गेलो. झाकण हुंगलं, अण्णांसारखे डोळे मिटले आणि सुरू केलं. "आधी जुन्या लाकडी पेटीचा वास येतो अण्णा. मग ओल्या पालापाचोळ्याचा. आणि मग मागून, अगदी हळूच, वाफाळत्या भाताचा."

"आला? भाताचा आला?" अण्णा पुढे सरकले.

"घमघमाट!"

"आणि दुसऱ्या पाण्याला?"

"जास्तच."

अण्णांनी एक जुनी डायरी काढली, पानावर उभी रेघ मारली, डाव्या बाजूला 'मास्तर' लिहिलं आणि खाली 'भात हाय'. उजव्या बाजूला काहीतरी लिहिलं, पण त्यावर हात ठेवला. मला वाटलं, मला मार्क देतायत. मग काय, दोन महिने मी रोज पहिला नंबर काढत राहिलो.

त्यांनी भाच्याकडून आणखी प्रकार मागवले. थाळीसारखी दाबलेली एक चकती, एक सुटा पाला, दुसऱ्या कुणाचे तरी गोळे. निवडायचं कसं, ते भाच्याकडून ऐकून अण्णांनी मला शिकवलं. कोरड्या गोळ्यालाच उदबत्तीसारखा भपकारा आला तर त्यावर वरून अत्तर मारलंय म्हणून समजायचं, दुसऱ्या पाण्याला त्याचा पत्ता राहत नाही. खरा माल कोरडा असताना गप्प असतो, गरम पाण्यात तोंड उघडतो आणि पाचव्या पाण्यापर्यंत टिकतो. एवढं सगळं ज्ञान, आणि निकाल मात्र माझा. मी 'हाय' म्हणालो की तो प्रकार पुन्हा मागवायचे. चीनमधला माल माझ्या शब्दावर कोल्हापुरात यायला लागला. नाद खुळा! घरी मी बायकोच्या आमटीलाही "मागून हिंगाची चाहूल आहे" वगैरे म्हणायला लागलो. तिनं आमटीत हिंग घातलाच नव्हता.

मला एका गोष्टीचा संशय यायला हवा होता. ज्या माणसाला म्हशीचा कालचा चारा कळतो, त्यानं माझ्यासारख्याला वास का विचारावा? पण कौतुक कानावर पडत असलं की असले प्रश्न डोक्यात येत नाहीत. निदान माझ्या तरी.

मग तो बुधवार आला. अण्णांच्या मिसेस, शालनवहिनी, माहेरी कुरुंदवाडला गेल्या होत्या. आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसलो होतो. अण्णांनी झाकण माझ्यापुढे धरलं आणि मी लाकडी पेटीपासून सुरुवात करणार, एवढ्यात माझ्या नाकात काहीतरी घुसलं. माझ्या नाकात! डोळ्यांत पाणी आलं.

"अण्णा, काहीतरी जळतंय."

"कुठं?" अण्णा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "चहात जळकट येतोय व्हय?"

मी आत पळालो. अण्णांनी गॅसवर तापत ठेवलेलं दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाला कोळसा झाला होता. ओट्यावर धूर. मी गॅस बंद केला आणि वळलो, तर अण्णा दारात उभे. धूर डोळ्यांनी बघत होते. त्यांनी एकदा जोरात श्वास आत ओढला. परत एकदा ओढला. मग खाली बसले, तिथंच, उंबऱ्यावर.

दूध करपलेलं अण्णा खोतांना कळलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यात ताप आलता न्हवं, तवापासनं. काय येत न्हाय. दूध न्हाय, शेण न्हाय, फुलं न्हाईत. डॉक्टर म्हणला, ओळखीचा वास रोज हुंगत जावा, आला तर येईल परत. आता माझ्या सगळ्यात ओळखीचा वास शिजत्या भाताचा. पण भाताच्या पातेल्यात तोंड घालून बसलो तर हिला कळंल न्हवं? मग भाच्याला म्हटलं, मिळतोय काय बघ असला चहा. चहा हुंगला तर कोण काय म्हणतंय?"

"पण वहिनींना सांगायला काय होतंय?"

 अण्णा सांगायला लागले, ते माझ्याकडे न बघता. लग्न होऊन वहिनी राधानगरीकडच्या त्यांच्या घरात आल्या तेव्हा वय लहान, चुलीची सवय नाही, आणि सासू तिखट. भात रोज खाली लागायचा आणि रोज बोलणी बसायची. अण्णा बाहेर सोप्यात, ओसरीवर बसलेले असायचे. भाताचा वास बदलायला लागला की ते तिथूनच खोकायचे. आत वहिनी पातेलं उतरवायच्या. सासूला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं सासू गेली, चूल गेली, इकडे गॅस आला. घरात कुकर आहे, पण भात अजून पातेल्यातच होतो, आणि वहिनी अजून आतून विचारतात, "अहो, झाला का भात?" आणि अण्णा बाहेरून सांगतात, "उतर."

"आता घड्याळ बघून सांगतोय," अण्णा म्हणाले. "तिला कळलं तर ती इचारायची बंद हुईल मास्तर. मग दिसभर बोलायचं काय आम्ही?"

  अण्णांनी डायरी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. डावीकडे माझं 'भात हाय, भात हाय, लई हाय.' उजवीकडे 'मी' असं लिहून खाली पानभर 'न्हाय, न्हाय, न्हाय.'

"तुम्ही रोज हाय म्हणायचा," अण्णा म्हणाले, "आणि मी समजायचो, वास घरभर सुटलाय, माझंच नाक मेलंय."

अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. मला कधी लाकडी पेटीचा वास आलाच नाही. पालापाचोळा मोबाईलवरचा. भात पहिल्या गोळ्यांत होता, तो खरा, तेवढा पुढं पुढं माझ्याही नाकाला कळला. पण चकतीत काही नव्हतं, सुट्या पाल्यात काही नव्हतं, मी ठोकून दिलं होतं.

अण्णा चिडतील म्हणून मी मान खाली घालून बसलो. त्यांनी चष्मा लावला आणि डायरीवर बोट ठेवलं.

"चकतीत नव्हता? नक्की?"

"नक्की."

"म्हणजे इथं माझं 'न्हाय' बरोबर हाय की ओ!" आणि त्यांनी पेनानं बरोबरची खूण केली. "ह्यो सुटा पाला?"

"नव्हता."

"ह्येबी बरोबर!" आणखी एक खूण. धुरानं भरलेल्या घरात बसून आम्ही दोन महिन्यांचे पेपर तपासले. एकवीस ठिकाणी अण्णा बरोबर निघाले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि मला मात्र रडायला येत होतं. जाताना त्यांनी माझा हात धरला. "एक करा मास्तर. इथनं पुढं खरं सांगा. आणि हिला काय बोलू नका."

रविवारी सकाळी अकराला गेलो तेव्हा वहिनी परत आल्या होत्या. अण्णांनी पहिलेच गोळे काढले होते. मी झाकण हुंगलं आणि सांगितलं, "आहे अण्णा. थोडा. भातासारखाच." ते झाकण नाकाशी धरून बसले. डायरीत त्यांनी आपल्या बाजूला लिहिलं, 'न्हाय.' या वेळी हात ठेवला नाही.

तेवढ्यात आतून हाक आली. "अहो, झाला का भात?"

अण्णांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत विनवणी होती. मी उभा राहिलो, दाराकडे तोंड केलं आणि आयुष्यात घेतला नसेल एवढा प्रामाणिक श्वास घेतला. भाताचा वास येत होता, पण कच्चाच वाटला. मी हाताची पाच बोटं दाखवली.

"आणि पाच मिनिटं!" अण्णा ओरडले.

"बरं!" आतून उत्तर आलं.

मला पाणी हवं होतं म्हणून मी आत गेलो. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. गॅस बंद होता. भाताचं पातेलं कधीचं उतरून ओट्यावर ठेवलेलं होतं, आणि शेजारच्या ताटलीत तपासायला काढलेली चार शितं. मी पातेल्याकडे बघितलं, मग वहिनींकडे.

"वहिनी, तुम्हाला..."

"हळू," वहिनी म्हणाल्या. "भादव्यापासनं म्हाईत हाय मला. करपल्याला वास माझ्या नाकात बसला तरी ह्ये म्हणत्यात, आणि दोन मिनिटं. मी बी ठेवला मग दोन मिनिटं. काळाकुट्ट झाला. खाल्ला तसाच दोघांनी, कोण काय बोललं न्हाय."

"मग रोज विचारता कशाला?"

"इचारलं न्हाय तर त्यांस्नी कळंल की, मला कळलंय म्हणून. मग ते बाहेर बसून काय करतील?" वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि कोथिंबीर परत हातात घेतली. "तुम्ही काय बोलू नका त्यांच्याजवळ. येत जावा रोज. तुम्ही आला की त्यांस्नी बरं वाटतंय."

मी पाणी पिऊन बाहेर येऊन बसलो. दोघांनीही मला एकच गोष्ट कुणाला सांगू नका म्हणून सांगितली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड बंद राहणार होतं. अण्णा घड्याळावर नजर लावून बसले होते. पाच मिनिटं झाली तसे ते ताठ झाले, नाक वर केलं, हवा ओढली आणि आत ओरडले, "उतर गं आता!"

आत पातेल्याचं झाकण उचलल्याचा आणि परत ठेवल्याचा आवाज झाला, जरा मोठाच.

"उतरला ओ!" वहिनी म्हणाल्या.