सर्वज्ञरावांचा टेबलफॅन

"तू फक्त उत्तरांची तयारी कर. इंटरनेट माझ्यावर सोड," असं सर्वज्ञराव म्हणाले, तेव्हाच खरं तर बायकोने सावध व्हायला हवं होतं.

सर्वज्ञ हे नाव मेहुण्यांनी ठेवलेलं. ह्यांना ते कौतुक वाटायचं.

अकरा वाजता बायकोची व्हिडिओवर मुलाखत होती. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या. बारा वर्षं घरात काढल्यावर तिने पहिल्यांदाच अर्ज केला होता आणि तिला ही नोकरी अगदी मनापासून हवी होती. घर गावाबाहेर टेकडीवर, मोबाइलला रेंज नाही. म्हणून कालच गच्चीवर त्याच कंपनीची छत्री आणि घरात राउटर बसला. बसवणारा मिस्त्री जाताना म्हणाला, "कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे ना तुमच्याकडे? चालतंय, चालू द्या. काही करू नका."

काही करू नका! हे सर्वज्ञरावांना फार झोंबलं. लिनक्सवर हयात घालवलेल्या माणसाला हा शहाणपणा शिकवणार.

नऊला ते "जरा वेग वाढवतो" म्हणून बसले आणि काळ्या पडद्यावर भराभरा आज्ञा सोडू लागले. कॉम्प्युटर तापला, म्हणून टेबलफॅन आणून लावला. दहाच्या सुमारास इंटरनेट गेलं.

"अहो, काय झालं?"

"नेट चालवणारा प्रोग्राम, तो ड्रायव्हर, जुना झालाय. नवा उतरवून घेतो."

"कुठून?"

"इंटरनेटवरून."

"आणि इंटरनेट कुठून?"

"ड्रायव्हर आला की येईलच."

सव्वादहाला दोष उपग्रहावर गेला. साडेदहाला ते गच्चीवर जाऊन आकाशाकडे रागाने बघून आले. पावणेअकराला म्हणाले, "लिनक्स नव्याने टाकावं लागणार." बायकोला रडूच फुटलं. डोळे पुसत तिने टेबलाखाली वाकून बघितलं.

"अहो, पंख्यासाठी कसला प्लग काढलात?"

प्लग राउटरचा होता.

तिने पंखा काढला, राउटर लावला. अकराला दोन मिनिटं असताना इंटरनेट आलं.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "इंटरनेट बंद पडलं म्हणून ग्राहकाने फोन केला, तर आधी काय विचाराल?"

"घरात कोणी जाणकार आहे का?"

"आणि असेल तर?"

"फोन दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगेन."

नोकरी लागली. सर्वज्ञराव आजही पाहुण्यांना सांगतात, की त्या दिवशी इंटरनेट त्यांनीच आणलं, तेही पंख्याशिवाय, घामाच्या धारांत बसून.